जंगल आणि पाण्याकाठची ग्रॅव्हल राइड: वाट आखण्यापासून सायकल पुसेपर्यंत

नकाशावर साठ किलोमीटर, डोक्यात ताशी वीसचा वेग, म्हणजे तीन तासांत घरी. जंगलातल्या आणि पाण्याकाठच्या बहुतेक फसलेल्या ग्रॅव्हल राइडची (खडी-मातीच्या कच्च्या वाटांवरच्या सायकल-फेरीची) सुरुवात याच हिशोबाने होते. पुढे काय होतं हे ठरलेलं असतं: पाच तासांनी पाणी संपलेलं, फोनची बॅटरी नऊ टक्क्यांवर आणि समोर एक ओढा, जो नकाशात दिसला होता पण कुणी मोजलाच नव्हता.

दुसरी चूक क्रमाची. आधी टायर घेतले जातात, मग हवा, मग कपडे, आणि वाट आदल्या रात्री दहा मिनिटांत आखली जाते. खरं तर टायरची रुंदी, हवा, पाणी, निघायची वेळ हे सगळं वाटेवरून ठरतं. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या चार घरी बसून, निदान दोन दिवस आधी.

## पायरी १: वाट किलोमीटरने नाही, पृष्ठभागाने मोजा

सायकलिंगची बहुतेक नियोजन-अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या मोफत नकाशाच्या माहितीवर चालतात. त्या नकाशात कच्च्या गाडीवाटांना ‘ट्रॅकटाइप’ नावाची प्रतवारी असते. ग्रेड १ म्हणजे पक्का किंवा घट्ट दाबलेला रस्ता. ग्रेड २ म्हणजे मुख्यतः खडीचा, थोडी माती मिसळलेला. ग्रेड ३ मध्ये टणक आणि मऊ भाग साधारण सारखे. ग्रेड ४ बहुतांश मऊ. ग्रेड ५ म्हणजे नुसती माती, वाळू किंवा गवत.

इथे एक गफलत हमखास होते. ही प्रतवारी टणकपणाची आहे, गुळगुळीतपणाची नाही. ग्रेड २ च्या रस्त्यावर मुठीएवढे सुटे दगड पसरलेले असू शकतात, आणि कोरड्या दिवसांत ग्रेड ५ ची मातीची वाट गालिच्यासारखी गुळगुळीत निघू शकते. गुळगुळीतपणासाठी ‘स्मूदनेस’ आणि पृष्ठभागाच्या प्रकारासाठी ‘सरफेस’ अशा वेगळ्या नोंदी असतात. त्या भरलेल्या नसतील तर अ‍ॅप अंदाज बांधतं आणि तो अंदाज तुम्हाला ठाम रंगात दाखवतं.

म्हणून संपूर्ण वाट उपग्रह-चित्रावर सरकवत पाहा आणि तिचे तुकडे पाडा. काय बघायचं:

- दोन समांतर रेघा आणि मध्ये गवताचा पट्टा: गाड्या क्वचित जातात. चाकोरी खोल असेल तर पेडल कडेला घासेल.
- सलग फिकट पट्टा: दाबलेली खडी किंवा मुरूम. वेगाची वाट.
- झाडीत शिरून नाहीशी झालेली रेघ: आत काय आहे ते कळणार नाही. दोन्ही तोंडं पाहा. दोन्हीकडे सारखीच रुंद, ठळक वाट असेल तर मधलाही भाग बहुधा तसाच. एका टोकाला ती पायवाटेएवढी झाली असेल तर तो तुकडा ‘अज्ञात’ म्हणून टिपून ठेवा.
- काठाजवळ वाट अचानक गडद किंवा हिरवी होणं: ओल, गाळ, वेत-गवत.

सायकलस्वारांचा हीटमॅप (लोक कुठून जातात ते उजळ रेघांनी दाखवणारा नकाशा) उपयोगी आहे, पण त्याचा अर्थ मर्यादित घ्या. उजळ रेघ म्हणजे लोक तिथून जातात, एवढंच. कोणत्या महिन्यात जातात, कोणत्या सायकलवर, आणि जायची परवानगी आहे का, यातलं काहीच ती सांगत नाही.

### पाण्याकाठच्या तुकड्यांसाठी वेगळी तपासणी

जलाशयाची पातळी वर्षभरात काही मीटरने हलते. उपग्रह-चित्र उन्हाळ्यातलं असेल तर काठावरची सुरेख पांढरी वाट पाणी भरल्यावर पाण्याखाली असते. गुगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुनी चित्रं तारखेनुसार पाहता येतात. भरलेल्या आणि आटलेल्या, दोन्ही हंगामांतली चित्रं काढा. अलीकडची स्थिती हवी असेल तर सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात. त्यातला एक ठिपका १० मीटरचा असतो, त्यामुळे वाट दिसणार नाही. पण पाणी कुठवर आलंय हे स्वच्छ कळतं. दर काही दिवसांनी नवं चित्र येतं, ढग नसले तर.

मग ओढे मोजा. काठाकाठाने जाणारी वाट पाण्यात उतरणारा प्रत्येक ओढा कुठेतरी ओलांडते. नकाशावर निळी रेघ जिथे वाटेला छेदते तिथे पूल आहे, मोरी आहे, की नुसता उतार, ते बघा. काहीच नोंद नसेल तर पाण्यातून जावं लागेल असंच धरा. बारा किलोमीटरच्या काठवाटेवर असे सात-आठ छेद सहज निघतात, आणि एकेकावर पाच मिनिटं गेली तरी पस्तीस-चाळीस मिनिटं जातात.

चढाचा आकडाही इथे फसवतो. उंचीची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकटींत असते. डोंगराच्या कुशीतून, पाण्याला लागून जाणारी सपाट वाट कधी वरच्या कड्याच्या चौकटीत पडते, कधी पाण्याच्या, आणि आलेखात करवतीसारखे दाते दिसतात. दाट जंगलात तर झाडांचे शेंडे जमीन म्हणून मोजले गेलेले असू शकतात. कालव्याच्या कडेच्या सपाट वाटेवर अ‍ॅप ४०० मीटर चढ सांगत असेल तर ती गडबड आकड्याची आहे. समोच्च रेषा बघून खात्री करा.

तपासणी: प्रत्येक तुकड्यापुढे तीन गोष्टी लिहून झाल्या का? लांबी, पृष्ठभाग, पाण्याचे छेद. ‘अज्ञात’ तुकडे एकूण लांबीच्या १० टक्क्यांहून जास्त असतील तर वाट बदला.

## पायरी २: वेळेचा खरा हिशोब

मध्यम तयारीच्या सायकलस्वारासाठी हे वेग धरा:

- डांबर: ताशी २२ किमी
- घट्ट खडी, ग्रेड १–२: १७
- सुटी खडी, चाकोऱ्या, ग्रेड ३: १२
- माती, मुळं, पायवाट, ग्रेड ४–५: ८
- सायकल ढकलत: ३ ते ४

प्रत्येक १०० मीटर चढाला वर ६ मिनिटं मिळवा. आलेल्या वेळेच्या १५ टक्के थांब्यांसाठी. पाण्याचे छेद वेगळे, प्रत्येकी ५ मिनिटं.

तोच ६० किलोमीटरचा फेरा घेऊ. १५ किमी डांबर (४१ मिनिटं), २८ किमी घट्ट खडी (९९), १२ किमी सुटी खडी (६०), ५ किमी पायवाट (३८). झाली २३८ मिनिटं. चढ ७०० मीटर, म्हणजे आणखी ४२, एकूण २८०. थांब्यांचे ४२. चार ओढ्यांचे २०. बेरीज ३४२ मिनिटं, म्हणजे ५ तास ४२ मिनिटं. तीन तास नव्हे. हा आकडा पाहून वाट कापाविशी वाटली तर खुशाल कापा. दुरुस्ती इथेच स्वस्त पडते.

खबरदारी: परतीची वेळ सूर्यास्ताआधी किमान दीड तास ठेवा. झाडीत अंधार उघड्यापेक्षा अर्धा-पाऊण तास आधी पडतो.

## पायरी ३: दिशा आणि सुटकेचे फाटे

फेरा उजवीकडून घ्यायचा की डावीकडून, यावर फारसा विचार होत नाही, आणि राइड बिघडते ती बऱ्याचदा इथेच. तीन नियम, महत्त्वाच्या क्रमाने.

एक, ‘अज्ञात’ तुकडा पहिल्या निम्म्यात येऊ द्या. १८ व्या किलोमीटरला वाट बंद निघाली तर मागे फिरणं सोपं असतं. ४८ व्याला तीच वाट बंद निघाली की माणूस नको त्या पाण्यात उतरतो.

दोन, सुट्या खडीवरचा तीव्र उतार टाळून तीच बाजू चढायला घ्या. साधारण १२ टक्क्यांच्या पुढे सुट्या खडीवर मागचं चाक घसरतं आणि उतरून ढकलावं लागतं. त्रास होतो, पण धोका नसतो. त्याच उतारावर खाली येताना मात्र पुढचं चाक घसरतं. सराव असणाऱ्यांनी हा नियम उलटा केला तरी चालेल.

तीन, वारा. मोठ्या पाण्यालगत दुपारी पाण्याकडून जमिनीकडे वारा वाढतो आणि उघड्या काठावर आडोसा नसतो. म्हणून काठ सकाळी, जंगल दुपारी. मात्र अगदी उजाडताना काठावर जाऊ नका. पहाट आणि संध्याकाळ या जनावरांच्या पाणी प्यायच्या वेळा आहेत, आणि धुकंही तेव्हाच असतं. सूर्योदयानंतर तासाभराने काठाला लागलात तर दोन्ही साधतं.

यानंतर दर १०–१५ किमीवर एक सुटकेचा फाटा शोधा, जिथून डांबरी रस्ता गाठता येईल. प्रत्येक फाट्याशी एक वेळ लिहा: ‘इथे ११ वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर बाहेर.’ ही वेळ घरी ठरवलेलीच पाळायची. वाटेत दमलेलं डोकं नेहमी ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणतं.

## पायरी ४: परवानगी

थोडक्यात आटोपणारी, पण वगळून न चालणारी पायरी. वनहद्द, संरक्षित क्षेत्र, धरणाचा सुरक्षा-पट्टा, कालव्याचा देखभाल-रस्ता, खाजगी जमीन: या पाचांपैकी काय काय लागतं ते तुकड्यांच्या यादीत लिहा आणि संबंधित कार्यालयाला आधी विचारा. विचारताना प्रश्न नेमका हवा. ‘जाता येईल का?’ असं नाही. ‘सायकलला, या तारखेला, या फाटकापासून त्या फाटकापर्यंत परवानगी आहे का, आणि लाकूडतोड किंवा दुरुस्ती चालू आहे का?’ असं. लाकूडतोड चालू असलेल्या वाटेवर सुट्टीच्या दिवशीसुद्धा मालाने भरलेले ट्रक येतात आणि त्यांच्या चाकांनी वाटेचा पृष्ठभाग आठवड्यात बदलतो.

फाटक ज्या स्थितीत सापडलं त्याच स्थितीत सोडा. उघडं होतं तर उघडं.

## पायरी ५: टायर आणि हवा

आता सायकलला हात लावा.

घट्ट खडी आणि डांबर मिळून ७० टक्क्यांच्या वर असेल तर ३८–४० मिमी रुंदी पुरते. सुटी खडी, मुळं, वाळू वाढली की ४५, आणि पायवाटाच पायवाटा असतील तर ५०. फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दुशाखी दांड्यात) टायरच्या दोन्ही बाजूंना व वर किमान ६ मिमी जागा राहायला हवी. चिखलाच्या वाटेवर ८–१० असू द्या. कमी जागेत चिकण चिखल दोन मिनिटांत चाक जाम करतो, आणि मधे अडकलेला खडा फ्रेमचा रंग खरवडून काढतो.

हवेच्या बाबतीत जवळपास सगळे एकाच दिशेने चुकतात: जास्त भरतात. कडक टायर प्रत्येक दगडावरून उडतो, पकड सोडतो, हात बधिर करतो आणि खडबडीत वाटेवर वेगही कमी देतो, कारण सायकल पुढे जाण्याऐवजी वर-खाली होण्यात ताकद जाते. ७५ किलोच्या स्वारासाठी, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरवर सुरुवातीचे आकडे असे, पुढचं / मागचं, पीएसआय या दाबाच्या एककात:

- ३८ मिमी: ३५ / ३८
- ४० मिमी: ३२ / ३५
- ४५ मिमी: २७ / ३०
- ५० मिमी: २२ / २५

वजनात दर ५ किलोच्या फरकाला साधारण दीड-दोन पीएसआय वर किंवा खाली. सामान लादलं असेल तर ते वजनात धरा. आत ट्यूब असेल तर सगळीकडे ५ वाढवा, नाहीतर ट्यूब दगड आणि रिमच्या (चाकाच्या कड्याच्या) दोन कडा यांच्यामध्ये चिमटून दोन समांतर छेद पडतात. टायर आणि रिम दोन्हींवर कमाल दाब छापलेला असतो. त्यातला कमी असेल तो पाळा.

हे आकडे फक्त सुरुवातीचे. खरा दाब असा शोधा: घराजवळचा दोनशे मीटरचा खडबडीत तुकडा निवडा, एक वळण असलेला. सुरुवातीच्या दाबाने एक फेरी, मग दोन्ही चाकांतून २ पीएसआय सोडून दुसरी, पुन्हा २ सोडून तिसरी. दोन खुणा शोधायच्या आहेत. वळणावर टायर रिमखाली आडवा सरकल्यासारखा वाटला, किंवा दगडावर ‘टक्’ असा धातूचा आवाज आला, की मर्यादा ओलांडली. तिथून ३ पीएसआय वर या आणि आकडा लिहून ठेवा. मोजायला कमी दाबाचा वेगळा मापक वापरा. उभ्या पंपावरचा काटा १६० पर्यंतचा असेल तर ३० च्या आसपास तो तीन-चार पीएसआयने सहज चुकतो.

सीलंट (ट्यूबलेस टायरच्या आत घालायचं, छिद्र बुजवणारं द्रव) ४० मिमी टायरला सुमारे ६० मिली, ५० मिमीला ९०–१२० मिली. ते उष्णतेप्रमाणे दोन ते सहा महिन्यांत वाळतं. चाक कानाजवळ धरून हलवा. आत पाण्यासारखा आवाज आला तर ठीक. काहीच ऐकू आलं नाही तर व्हॉल्व्हचा गाभा काढून भरा, आणि तो गाभाही साफ करा; वाळलेल्या सीलंटने तो तुंबतो आणि वाटेत हवा भरताच येत नाही.

तपासणी: रात्री हवा भरून ठेवा. सकाळी ३ पीएसआयपेक्षा जास्त उतरली असेल तर गळती शोधल्याशिवाय निघू नका.

## पायरी ६: ब्रेक, गिअर, चेन

ब्रेक पॅडचं साहित्य १ मिमीच्या जवळ आलं असेल तर बदला. ‘अजून एक राइड निघेल’ हे ओल्या वाळूत खरं ठरत नाही. पाण्याकाठचा बारीक कण पॅडला कानशीसारखा खातो. रेझिनचे पॅड शांत चालतात पण ओल्या चिखलात लवकर झिजतात. ओढे जास्त असतील तर धातुमिश्रित पॅड बरे, किंचाळले तरी.

गिअरमध्ये सगळ्यात हलकी जोडी १:१ किंवा त्याहून हलकी हवी. म्हणजे पुढे ४० दात असतील तर मागे ४० किंवा अधिक. सुट्या खडीच्या चढावर उभं राहून पेडल मारता येत नाही, मागचं चाक फिरकी घेतं. बसूनच चढावं लागतं, आणि त्यासाठी हलका गिअर लागतोच.

चेन पुसून तेल लावा आणि वरचं तेल पुन्हा पुसा. धुळीच्या वाटेला कोरडं तेल (‘ड्राय ल्यूब’), ओढ्यांच्या वाटेला ओलं (‘वेट ल्यूब’). बाहेरून चकचकणारी चेन धूळ गोळा करते.

शेवटी सायकल अर्धा फूट उचलून जमिनीवर टाका. खडखड आली तर काहीतरी सैल आहे: बाटलीचा पिंजरा, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), ॲक्सल. शोधा.

## पायरी ७: पिशवीत काय

हत्यारं: षट्कोनी पाने, चेन तोडायचं हत्यार, तुमच्या चेनच्या ‘स्पीड’शी (मागच्या दातचक्रांच्या संख्येशी) जुळणारे दोन जोड-दुवे (११ चा १२ ला चालत नाही), ट्यूबलेसच्या वाती (छिद्रात खुपसायच्या पट्ट्या), एक ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, फाटलेल्या टायरला आतून लावायचा जाड तुकडा, आणि डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा). हा शेवटचा भाग बऱ्याच फ्रेमचा वेगळा असतो आणि ऐनवेळी कुठेच मिळत नाही. एक काटकी डिरेलरमध्ये गेली की मोडतो तो हाच. जंगलात काटक्यांची कमतरता नसते.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिली धरा. वर काढलेल्या पावणेसहा तासांना म्हणजे तीन ते सव्वाचार लिटर. इतकं वाहून नेणार नसाल तर कुठे भरायचं ते यादीत लिहा.

‘बाजूला पाणीच पाणी आहे, गाळून घेऊ’ हा विचार जपून करा. सुट्टीत वापरायचे पोकळ धाग्यांचे फिल्टर जिवाणू अडवतात, विषाणू अडवत नाहीत. खळखळून १ मिनिट उकळलं (२००० मीटर उंचीच्या वर ३ मिनिटं) की दोन्ही मरतात. पण साचलेल्या पाण्यावर हिरवट-निळी साय, रंग सांडल्यासारखी दिसत असेल तर ते पाणी उकळूनही पिऊ नका. त्या शैवालाचं विष उकळल्याने जात नाही आणि साध्या फिल्टरने अडत नाही. सायकलही त्यात धुऊ नका.

खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, भूक लागायच्या आधीपासून. चष्मा स्वच्छ किंवा फिक्या काचेचा. गडद काचेमागून झाडांच्या कवडशात खड्डा आणि सावली सारखेच दिसतात.

## पायरी ८: फाइल उपकरणात टाकताना

जीपीएस उपकरणात टाकायची वाटेची फाइल ‘ट्रॅक’ स्वरूपात घ्या, ‘रूट’ नव्हे. ट्रॅकमध्ये वाटेचे सगळे बिंदू असतात. रूटमध्ये फक्त वळणाचे टप्पे असू शकतात आणि मधली वाट उपकरण स्वतःच्या मर्जीने जोडतं. ‘वाट चुकल्यास पुन्हा आख’ ही सोय बंद करा, नाहीतर एक वळण चुकलं की उपकरण तुम्हाला जवळच्या रस्त्यावर ढकलायला लागतं आणि आखलेली वाट विसरतं.

नकाशा ऑफलाइन उतरवा आणि फोन विमान-मोडवर टाकून उघडून पाहा. उतरवला म्हणजे उघडतोच असं नाही. दाट झाडीत स्थानाचा ठिपका दहा-वीस मीटर बाजूला सरकतो. समांतर दोन वाटा असतील तर स्क्रीनपेक्षा किलोमीटरचा आकडा आणि चढ-उतार यांवर भरवसा ठेवा.

घरच्या एका माणसाकडे वाटेची फाइल, फाट्यांच्या वेळा आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन नाही आला तर काय करायचं’ हे लेखी द्या. संकटात ११२ हा क्रमांक बऱ्याच देशांत चालतो. आपलं स्थान सांगताना अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच घरांपर्यंत सांगा; पाचवं घर म्हणजे जवळपास एक मीटर.

## पायरी ९: जंगलातली चाल

नजर चाकासमोर नको, १० ते १५ मीटर पुढे. उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणावर, कोपर सैल, पेडल समपातळीत. ब्रेक वळणाच्या आधी संपवा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक निघून जातं आणि सावरायला वेळ मिळत नाही.

मुळं आणि लाकडी फळ्या ओल्या असतील तर काटकोनात ओलांडा: ब्रेक नाही, वळण नाही, जोर नाही. तिरकं मूळ चाकाला रुळासारखं आपल्या दिशेने ओढतं. चाकोरीत शिरलात तर चाकोरीतच राहा आणि ती उथळ होईल तिथे बाहेर या. मधेच हँडल वळवून भिंत चढायला गेलात तर पडणारच. वाळलेल्या पानांच्या थरावर वेग कमी ठेवा. खाली खड्डा आहे की मोकळा दगड, हे पानं सांगत नाहीत.

वाळू लागली तर आत शिरण्यापूर्वी एक-दोन गिअर हलके करा, वजन थोडं मागे, आणि हँडल सैल धरा. सायकल डोलेल, डोलू द्या. घट्ट धरून सरळ करायला गेलं की पुढचं चाक रुततं.

सुट्या उतारावर गटात दोघांमध्ये २०–३० मीटर अंतर. दाट वळणांवर घंटी वाजवत चला. जनावराला आधी कळलं तर ते बहुधा स्वतःच बाजूला होतं. वाटेत उभं असेल तर थांबा, सायकल दोघांच्या मध्ये धरा आणि त्याच्या निघायच्या वाटेतून दूर व्हा. पिल्लू दिसलं तर पुढे जाऊ नका, मागे फिरा.

## पायरी १०: पाणी ओलांडताना

आधी उतरा. नेहमी. ओढ्यात सायकल घालून मग खोली कळणं हा सगळ्यात महागडा मार्ग.

चाकाचा ॲक्सल जमिनीपासून साधारण ३४ सेंटिमीटरवर असतो आणि पेडलचं मधलं बेअरिंग २७–२८ वर. पेडल खाली आलं की ते आणखी खाली जातं. म्हणून तळ दिसत असेल, तो खडीचा असेल आणि पाणी १५ सेंटिमीटरच्या आत असेल तरच बसून जा. त्याहून जास्त असेल तर चालत, सायकल प्रवाहाच्या वरच्या बाजूला न धरता खालच्या बाजूला. नाहीतर प्रवाह ती तुमच्या पायांवर ढकलतो. वाहतं पाणी गुडघ्याला लागत असेल, गढूळ असेल किंवा त्यातून काटक्या वेगाने वाहत येत असतील तर ओलांडू नका. बूट काढू नका. अनवाणी पाय दगडांत अडकतो.

आता काँक्रीटचा बुटका फरशी-पूल, ज्यावरून बोटभर पाणी वाहतंय. सगळ्यात निरुपद्रवी दिसतो आणि सगळ्यात जास्त पाडतो. जवळ जाऊन बघा: प्रवाहाच्या खालच्या अंगाला, जिथे पाण्याचा थर सर्वांत पातळ असतो, तिथे तपकिरी-हिरवा, मखमली लेप असतो. बुटाच्या टोकाने घासा. बूट बर्फावर सरकावा तसा सरकला तर टायरची रुंदी, हवा, कौशल्य यातलं काही कामाला येणार नाही. वरच्या अंगाने, जिथे गाड्यांच्या चाकांनी लेप खरवडला गेलाय त्या पट्ट्यातून, सायकलवर टेकत चालत जा.

पलीकडे पोहोचल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबत वीस-तीस मीटर जा. ओले पॅड पहिल्या काही फेऱ्यांत नीट पकडत नाहीत, आणि ओढ्यानंतर बऱ्याचदा लगेच उतार असतो.

खबरदारी: सकाळी ओलांडलेला ओढा दुपारी तेवढाच असेल असं धरू नका. वर पाऊस झाला असेल किंवा धरणातून पाणी सोडलं असेल तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पातळी चढते. परत त्याच वाटेने यायचं असेल तर जाताना पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवा.

काटा टायरमध्ये दिसला तर लगेच उपटू नका. चाक फिरवून तो भाग खाली आणा, वात आणि पंप हाताशी घ्या, मग काढा. सीलंटने छिद्र बुजलं तर उत्तम. अर्ध्या मिनिटात नाही बुजलं तर वात घाला.

## पायरी ११: परतल्यावर, त्याच दिवशी

चिखल ओला असतानाच कमी दाबाच्या पाण्याने काढा. जोराच्या फवाऱ्याने हब आणि मधल्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. चेन पुसा, वाळू द्या, मग तेल. ओढे जास्त होते तर सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा. फ्रेममधून कपभर पाणी निघणं नवलाचं नाही. दुसऱ्या पाणवठ्यावर जाण्यापूर्वी टायर आणि बूट पूर्ण वाळवा. एका तळ्यातलं बी आणि शैवाल दुसऱ्या तळ्यात न्यायला एवढा चिखल पुरतो.

अंगावर गोचीड आहेत का पाहा: गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या कडेला. असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, जाळू नका. गढूळ पाण्यात उतरताना पायावर जखम होती आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पाण्याबद्दल आठवणीने सांगा.

मग पायरी १ मधली तुकड्यांची यादी काढा आणि अंदाजाशेजारी खरा वेळ, खरा पृष्ठभाग, प्रत्येक छेदावरची पाण्याची खोली लिहा. फाइलच्या नावात महिना घाला. तीच वाट चार महिन्यांनी करायची ठरली तर पाण्याचे छेद, पृष्ठभाग आणि परवानगी पुन्हा तपासायची, बाकीची यादी तशीच वापरता येते.